निर्यात दर्जाची कानटोपी

माणसाच्या शरीरात थंडी शिरण्याची अधिकृत वाट कान ही आहे. नाक, घसा आणि तळपाय याही वाटांनी ती शिरते असे काही डॉक्टर म्हणतात. पण डॉक्टरांनाही आया असतात आणि त्यांचेही बालपण कानटोपीतच गेलेले असते, त्यामुळे ते हे फार मोठ्याने म्हणत नाहीत. कान झाकले की माणूस झाकला. मग त्याने खाली नुसता बनियन घातलेला असला तरी चालते.

हैदराबादेत थंडी वर्षातून अकरा दिवस पडते. (एका वर्षी चौदा दिवस पडली होती; पण त्यातले तीन दिवस वादग्रस्त आहेत.) या अकरा दिवसांची तयारी उरलेले तीनशे चौपन्न दिवस नारायणगुड्यातल्या सुहासिनी महिला वर्गाचा विणकाम विभाग करीत असे. बैठक दर बुधवारी, दुपारी तीन ते पाच. मे महिन्यात रस्त्याचे डांबर चपलेला चिकटायचे तेव्हाही चोवीस बायका मांडीवर लोकर घेऊन बसलेल्या असत. पंखा एकावरच ठेवायचा असा नियम होता, कारण वेग वाढवला की लोकरीचे तंतू उडून चहात पडत. गेल्या वीस वर्षांत विभागाची एकही बैठक रद्द झालेली नव्हती. त्या काळात शहरातल्या अनेक महत्त्वाच्या गोष्टी रद्द झाल्या, हे इथे नमूद करायला हवे.

विभागप्रमुख कुसुमताई. माहेर नांदेडकडचे, शेतकऱ्याचे. लग्न होऊन हैदराबादेत आल्याला एकतीस वर्षे झालेली. यजमान एकनाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मुलगा शिवराज बेगमपेठेतल्या एका कॉम्प्युटर कंपनीत. कुसुमताई प्रत्येक नगाची नोंद एका वहीत ठेवीत. त्या नोंदीनुसार एकतीस वर्षांत विणलेले एकूण नग २१२. पैकी कानटोप्या ९७, स्वेटर ८८, मोज्यांचे जोड १९, किरकोळ ८. शेवटचा रकाना होता 'स्वखुशीने वापरलेले'. त्यात आकडा होता १. (टीव्हीचे आच्छादन. टीव्हीने तक्रार केली नव्हती.)

बाकीचे २११ नग वापरात नव्हते असे नाही. एकनाथराव हिवाळ्यात रोज सकाळी कानटोपी घालूनच फिरायला निघत. गल्लीच्या वळणावर गेले की ती काढून पिशवीत ठेवीत आणि परतताना त्याच वळणावर पुन्हा चढवीत. शिवराज लहानपणी शपथ घातल्यावर घालीत असे, कॉलेजात गेल्यावर फक्त फोटोपुरती. घरात विणकाम चालू असताना तिकडे बघायचे नाही, हा नियम त्याने इयत्ता चौथीतच स्वतःला घालून घेतला होता, कारण बघितले की माप घेतले जाई. नात्यातल्या इतरांनी आपापल्या परीने सांगून पाहिले. कोणाला लोकर टोचत होती, कोणाला रंग जपून ठेवायचा होता, आणि एक चुलत नणंद म्हणाली होती की इतकी सुंदर वस्तू वापरायचा जीव होत नाही. कुसुमताईंना हे सगळे समजत होते. त्यांना वाईट वाटे. साधे, सरळ वाईट वाटे. कोणीतरी, कोणीही एक माणूस, शपथ, धमकी किंवा कॅमेरा यांपैकी काहीही समोर नसताना आपली टोपी आपणहून डोक्यावर घालील, एवढीच त्यांची इच्छा होती.

सरकारने १९९१ साली देशाची दारे उघडली. तो वारा नारायणगुड्याला पोचायला पाच वर्षे लागली, आणि पोचला तेव्हा तो अभिजीतच्या रूपाने आला. अभिजीत मूळचा पुण्याचा, राहायला तारनाक्याला. चांगली नोकरी सोडून त्याने एक खोली भाड्याने घेतली होती आणि तिच्यात फॅक्सचे यंत्र बसवले होते. त्या काळी ज्याच्याकडे फॅक्स होता तो निर्यातदार आणि ज्याच्याकडे नव्हता तो ग्राहक, अशी देशाची सरळ विभागणी होती. ऑगस्टच्या एका बुधवारी तो बैठकीत आला आणि एका अमेरिकन दुकानाला नाताळच्या सणासाठी गमतीच्या विणलेल्या टोप्या हव्या आहेत, असे त्याने जाहीर केले. संख्या दोनशे चाळीस, प्रकार पाच, मुदत दसऱ्यापर्यंत. फॅक्सवर चित्रे होती.

वर्गाच्या कार्यवाह सुलभाताई यांनी त्या सभेचे इतिवृत्त लिहिले आहे. त्यातले काही ठराव असे:

'ठराव १. टर्की हा पक्षी असून तो भाजलेल्या स्थितीत डोक्यावर घ्यायचा आहे, ही माहिती सभेने ऐकून घेतली.

ठराव २. विणणे म्हणजे खाणे नव्हे. तरीही शाकाहारी भगिनींनी पक्ष्याचा फक्त मधला भाग विणावा. तंगड्या विणण्याचे काम इच्छुक भगिनींनी हात वर करून घ्यावे. (अकरा हात वर. पैकी दोन अनपेक्षित.)

ठराव ३. संकष्टीला व एकादशीला टर्की बंद.

ठराव ४. पुडिंग नावाच्या पदार्थाची टोपी चित्रात मोदकासारखी दिसते. तिला कळ्या काढाव्यात काय, यावर चर्चा. अकरा कळ्या मंजूर.

ठराव ५. बर्फाच्या माणसाला नाकाच्या जागी गाजर का, याचा अमेरिकेकडून खुलासा मागवावा. तोवर गाजर विणणे चालू ठेवावे.'

नाताळच्या झाडाच्या टोपीबद्दल कोणाची हरकत नव्हती. राहिली रेनडिअरची टोपी, नग चाळीस. ती कुसुमताईंनी एकटीने अंगावर घेतली. रेनडिअर त्यांनी पाहिलेला नव्हता. पण शिंगे असलेला आणि गाडी ओढणारा प्राणी म्हणजे काय, हे नांदेडकडच्या बाईला अमेरिकेने शिकवायची गरज नव्हती. चित्रातला प्राणी त्यांना फार उघडाबोडका वाटला. सणाच्या दिवशी असा कोणी दारात उभा करतात काय? त्यांनी शिंगांना हिंगुळासारखा लाल रंग घेतला, टोकांना पिवळ्या लोकरीच्या शेंब्या चढवल्या, दोन्ही शिंगांना गोंडे बांधले आणि कपाळावर एक छोटे बाशिंग विणले. योगायोगाने पोळाही त्याच सुमाराला आला, त्यामुळे कल्पनेला कुठेही ताण पडला नाही.

आणि मग कान. चित्रातली प्रत्येक टोपी कानाच्या वरच संपत होती. कुसुमताईंनी ते बारकाईने पाहिले आणि काढणाऱ्याचा कागद तिथे संपला असावा, असा निष्कर्ष काढला. विभागप्रमुख या नात्याने त्यांनी आदेश दिला, की पाचही प्रकारच्या टोप्यांना दोन्ही बाजूंनी कानपट्ट्या आणि हनुवटीखाली बांधायला नाड्या असाव्यात. कोणी कारण विचारले नाही. चोवीस बायकांपैकी एकीलाही हा बदल वाटला नाही, दुरुस्ती वाटली.

लोकर आणायला कुसुमताई सुलतान बाजारात गेल्या तेव्हा दुकानदार कपाळाचा घाम पुशीत म्हणाला, "अम्मा, इत्ती गर्मी में ऊन कायकू?" अमेरिकेत थंडी आहे असे त्यांनी सांगितले. दुकानदाराने लगेच दर वाढवला. उदारीकरण त्याच्यापर्यंत आधीच पोचले होते.

सप्टेंबरच्या शेवटी अभिजीत नमुने बघायला आला. त्याने शिंगांकडे पाहिले आणि फॅक्सवरचे चित्र काढून पुन्हा पाहिले. गोंडे पाहून तो खुर्चीवर बसला. मग त्याने एक टोपी उचलली आणि कानपट्टी दोन बोटांत धरली.

"काकू, हे काय आहे?"

"कान."

"पण चित्रात कान नाहीत."

"तिकडं बर्फ पडतंय म्हणलास ना?"

"हो, पडतो."

"मग?"

अभिजीतने व्यवस्थापनाची पदवी घेतलेली होती, पण या प्रश्नाची तयारी तिथे करून घेत नाहीत. तो म्हणाला, "काकू, तुम्ही समजून घ्या. ही गमतीची टोपी आहे. लोक नाताळला घालतात, एक दिवस हसतात, मग टाकून देतात."

कुसुमताईंच्या सुया थांबल्या. "टाकून देतेत?"

"म्हणजे… ठेवतात कुठेतरी," अभिजीत म्हणाला. तो मनाने वाईट नव्हता.

एकतीस वर्षे आपली माणसे टोप्या कुठेतरी ठेवत आली होती. आता त्याच कामासाठी सातासमुद्रापलीकडची परकी माणसे नेमण्यात आलेली होती. कुसुमताईंना त्या दिवशी चहा गेला नाही.

अभिजीतने पाचही नमुन्यांचे फोटो विमानाने पाठवले. चार दिवसांनी फॅक्स आला. शिंगांवरचे गोंडे अमेरिकेला अतिशय आवडले होते. मोदकालाही हरकत नव्हती. मात्र बाजूंना लोंबणारे ते दोन भाग कशासाठी आहेत ते समजत नाही, आणि ते सर्व टोप्यांवरून काढावेत, असे स्पष्ट लिहिले होते. अमेरिकेने चंद्रावर माणूस पाठवला आहे हे सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे या अज्ञानाची खात्री करून घेण्यासाठी फॅक्स दुसऱ्यांदा वाचण्यात आला.

मतदान झाले. तेवीस विरुद्ध एक. सुलभाताईंनी ठराव लिहिला: 'निर्यातीच्या व्यापक हितासाठी अमेरिकेतील नागरिकांचे कान उघडे ठेवण्यास या सभेची हरकत नाही. मात्र हा ठराव घरच्या माणसांना लागू नाही.'

तेवीस जणींनी दोन बुधवारांत दोनशे टोप्यांचे चारशे कान उसवले. कुसुमताईंनी आपल्या चाळीस रेनडिअरांना हात लावला नाही. एकनाथरावांनी संध्याकाळी विषय काढला.

"अगं, त्यांचे कान, त्यांची थंडी. तुझं काय जायलंय? उसव की."

"उसवते," कुसुमताई म्हणाल्या. "आधी तुम्ही गल्लीच्या वळणावर टोपी का काढता ते सांगा. गच्चीवरून दिसतंय सगळं."

एकनाथराव भाजी आणायला गेले. घरात भाजी होती.

दोनशे उघड्या टोप्या वेळेवर जहाजाने गेल्या. चाळीस झाकलेल्या टोप्या एका खोक्यात भरून, वर काळ्या शाईने 'रिजेक्ट' असा शिक्का मारून, तारनाक्याच्या खोलीत फॅक्सच्या टेबलाखाली ठेवण्यात आल्या. कुसुमताईंनी वहीत एकूण नगांचा आकडा वाढवून २५२ केला. शेवटच्या रकान्यात अजून टीव्हीच होता. त्यांनी वही मिटली आणि नंतरचे दोन महिने सुया हातात घेतल्या नाहीत. एकनाथरावांना आधी बरे वाटले, मग काळजी वाटू लागली. डिसेंबरात तर ते संबंध गल्ली, वळण आणि त्यापुढचा बसथांबा ओलांडेपर्यंत टोपी घालून जाऊ लागले आणि घरी येऊन तसे सांगूही लागले. पण सहानुभूतीने घातलेली टोपी 'स्वखुशी'त धरता येत नाही, असे कुसुमताईंचे मत पडले.

जानेवारीत नामपल्लीला नुमाइश, म्हणजे दरवर्षीचे मोठे प्रदर्शन, भरली. थंडीही त्या वर्षी जरा जोरात होती, म्हणजे संध्याकाळी लोक एकमेकांना "थंडी आहे" असे सांगत होते. सुहासिनी वर्गाने दरवर्षीप्रमाणे पापड-चटण्यांचा गाळा घेतला होता. अभिजीतला फॅक्सच्या टेबलाखाली पाय ठेवायला जागा हवी होती. त्याने ते खोके आणून गाळ्याच्या कोपऱ्यात उघडले आणि वर एक पाटी लावली: 'एक्स्पोर्ट रिजेक्ट'.

या दोन शब्दांचे त्या दशकातले वजन आज समजावून सांगणे कठीण आहे. अमेरिकेने पसंत केलेला माल चांगला असतो, हे कोणीही सांगेल. पण तो अमेरिकेला जातो. अमेरिकेने नापसंत केलेला माल मात्र आपल्याला मिळतो. शिवाय अमेरिकेने नाकारायचे म्हणजे आधी तिने वस्तूकडे पाहिलेले असले पाहिजे. नारायणगुड्यात विणलेल्या आणि नारायणगुड्यातच न वापरलेल्या वस्तूला एवढा मान कधीच मिळालेला नव्हता.

कुसुमताई मागच्या बाजूला पापडांच्या आडोशाला बसल्या होत्या. पहिले गिऱ्हाईक आले ते लुना ढकलत. त्याने एक टोपी उचलून सगळीकडून पाहिली.

"कायकू रिजेक्ट हुई?"

"कान झाकते म्हणून," अभिजीत ओशाळून म्हणाला आणि हातानेही करून दाखवले.

"कानां ढंकते?" तो माणूस थक्क झाला. "तो और क्या होना भई? अमरीका वाले पागल हैं क्या?" आणि त्याने टोपी डोक्यावर चढवली, नाडी हनुवटीखाली घट्ट बांधली, आरशात पाहिले नाही. कुसुमताई पापडांच्या मागून उठून उभ्या राहिल्या. त्यांना राहवले नाही. "अन् शिंगं?" त्यांनी विचारले.

"अम्मा, सिंगां रहे तो रहने दो. कान गरम होरे, बस."

तो गेला. गर्दीतून दोन लाल शिंगे गोंडे हलवीत बराच वेळ दिसत राहिली. कुसुमताई तिकडे बघत उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आले होते. सुलभाताईंनी विचारले तेव्हा त्यांनी चटणीचे नाव सांगितले. पण त्यांना आनंद झाला होता, इतका की त्यांनी पुढच्या तीन गिऱ्हाइकांना पापड फुकट देऊन टाकले आणि वर्गाला त्याबद्दल नंतर वेगळा ठराव करावा लागला.

पहिल्या दिवशी सत्तावीस टोप्या गेल्या, दुसऱ्या दिवशी उरलेल्या तेरा. दुसऱ्या दिवशी संकष्टी असल्याने कुसुमताई गेल्या नव्हत्या. त्या आठवड्यात हैदराबादेत शिंगे ठिकठिकाणी आढळली: रिक्षात, दुधाच्या रांगेत, पहाटेच्या फिरण्यात. कोणी कोणाला हसल्याची नोंद नाही. माल निर्यातीचा होता, हे शिंगांवरूनच कळत होते.

रविवारी सकाळी कुसुमताई पोळ्या लाटत होत्या आणि एकनाथराव पेपर वाचत होते. शिवराज मित्रांबरोबर फिरून घरी आला. त्याच्या डोक्यावर शिंगे होती. नाडी बांधलेली होती.

"आई, हे बघ! नुमाइशमधून आणली, तुमच्या पापडांच्या शेजारून. एक्स्पोर्टचा माल. शेवटचा पीस होता, एक जण हात घालत होता, मी ओढूनच घेतली. फिनिशिंग बघ ना. आपल्याकडे असलं काम नाही जमत कुणाला."

कुसुमताई पोळी टाकून बाहेर आल्या. त्यांनी टोपीला हात लावला. डाव्या शिंगाच्या बुडाशी एक टाका उलटाऐवजी सुलट पडला होता. तो कोणत्या दिवशी पडला आणि तेव्हा दाराशी कोण आले होते, हेही त्यांना आठवत होते.

"अन् मापाला बघ," शिवराज म्हणाला, "जशी काय माझ्यासाठीच केलीय."

कुसुमताईंना तरण्या माणसाच्या डोक्याचे एकच माप पाठ होते. चाळीसच्या चाळीस त्यांनी त्याच मापावर विणल्या होत्या.

एकनाथरावांनी पेपर खाली केला. "अरे, ही तर आपल्या…" ते म्हणाले. कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिले. "…आपल्या हवेला चांगली आहे," एकनाथरावांनी वाक्य पुरे केले आणि पेपर पुन्हा वर घेतला.

"कान झाकतेत का नीट?" कुसुमताईंनी विचारले.

"एकदम! फॉरेनवाले फार विचार करून बनवतात गं."

"करत असतील," कुसुमताई म्हणाल्या. त्यांना सांगावेसे फार वाटले. जिभेच्या टोकावर आले होते. पण सांगितले असते तर संध्याकाळपर्यंत त्या टोपीची लोकर टोचू लागली असती, हे त्यांना एकतीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. त्या आत गेल्या. तव्यावरची पोळी करपली होती. ती त्यांनी स्वतः खाल्ली आणि ती त्यांना गोड लागली. मग वही काढून शेवटच्या रकान्यात त्यांनी १ खोडून ४१ केले.

पुढच्या वर्षी अमेरिकेची मागणी पुन्हा आली, तेव्हा वर्गाने ती एकमताने परत पाठवली. आता विभाग फक्त रिजेक्ट माल तयार करतो. माल आधी अमेरिकेला पाठवायचा, तिने तो नाकारायचा, मग तो परत आणायचा, यात फार वेळ जातो. म्हणून तो इथेच, बुधवारी साडेचारला, चहाच्या आधी नाकारण्यात येतो. शिक्का सुलभाताईंकडे असतो. टोप्यांबरोबर स्वेटर, मफलर, हातमोजेही नाकारले जातात. अभिजीत ते दूरदूरच्या शहरांतल्या चांगल्या दुकानांत पोचवतो, आणि तिप्पट किमतीला जाणाऱ्या या मालाबद्दल आजवर एकच शेरा पुन्हापुन्हा आलेला आहे: वस्तू अंगाला कशी अगदी बेतून केल्यासारखी बसते. ते साहजिक आहे. विणणारीला घरातल्याच माणसांची मापे माहीत असतात. कोणत्या मुलाला कोणते दुकान आवडते हेही तिला माहीत असते, आणि अभिजीत ऐकणारा मुलगा आहे.

शिवराजला हसून झाले असेल तर, वाचकहो, आपण दोन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला तो परदेशी स्वेटर एकदा काढून बघायला हरकत नाही. तोच, खांद्याला अचूक बसणारा, ज्याच्याबद्दल आपण घरी सांगितले होते की असले काम आपल्याकडे होत नाही. ते ऐकून आई स्वयंपाकघरात गेली होती. आता तिला विचारलेत तरी ती सांगायची नाही.